मध्यरात्रीचा जामीन

बँकेत ३६ वर्षं काढली. त्या काळात माणसांचे अनेक नमुने पाहिले, पण सगळ्यांत मजेदार वाटायचा तो जामीनदार. कर्ज घेणारा निदान थोडा घाबरलेला असतो. आपण पैसे उचलतोय आणि ते फेडायचे आहेत, एवढं त्याला ठाऊक असतं. जामीनदार मात्र निर्धास्त. तो मित्राबरोबर येतो, साहेबांच्या टेबलावरचा चहा पितो, "कुठं करायची सही?" म्हणून विचारतो आणि बोट दाखवाल तिथं सही करून मोकळा होतो. कागद वाचत नाही. मी वाचून दाखवायला लागलो, तर "राहू द्या हो साहेब, घरचाच माणूस आहे," असं वर मलाच समजावतो. मग तीन-चार वर्षांनी हप्ते थकतात, बँकेची नोटीस जाते, आणि तोच गृहस्थ हातात लिफाफा घेऊन दारात उभा राहतो. "साहेब, मी तर फक्त सही केली होती!"

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही. ते कधी आपल्याच तोंडून बाहेर पडेल असं मात्र वाटलं नव्हतं. गेल्या वर्षी श्रावणात, एका शनिवारी रात्री दीडच्या सुमाराला, जनावरांच्या एका दवाखान्याच्या काउंटरपुढे ते बाहेर पडलं.

ठकी आमच्या घरी आली त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. मुलीनं पार्किंगमधून उचलून आणलेलं, पावसात भिजलेलं, मुठीएवढं पिल्लू. "बाबा, फक्त आजची रात्र," मुलगी म्हणाली. मी चहा पीत होतो. "बरं," म्हणालो. झाली सही! पुढे मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली, तिकडंच तिचं लग्न झालं, आणि ती 'आजची रात्र' आमच्याकडे राहिली. ठकी कुठल्या जातीची असं कुणी विचारलं, की मी "पुणेरी" असं सांगतो. ऐटीत चालणं, अनोळखी माणसाला दारातच अडवणं आणि दुपारी एक ते चार झोपणं हे तिचे गुण पाहता लोकांना ते पटतं.

त्या आठवड्यात ठकी पाणी फार पीत होती. तिचं भांडं दिवसातून तीनदा-चारदा भरावं लागत होतं. पत्नी म्हणाली, "हिला तहान फार लागतेय हो." मी म्हणालो, "उकाडा आहे." बाहेर संततधार लागलेली, आणि मी उकाडा आहे म्हणतोय! पण घरात भाचीची मंगळागौर होती, पाहुण्यांची ये-जा होती. ठकीनं दोन दिवस जेवण टाकलं, तेही गर्दीला घाबरली असेल म्हणून सोडून दिलं. शनिवारी रात्री पाहुणे गेले, दिवे मालवले, तेव्हा लक्षात आलं की ठकी तिच्या जागेवर नाही. न्हाणीघरात गार फरशीवर पडली होती. शेजारी उलटी झालेली. हाक मारली तर शेपूट एकदा हललं. उठवायला गेलो तर मागचे पाय धरेनात. पोट तट्ट.

रात्रीचे साडेबारा वाजले होते. आमचे नेहमीचे डॉक्टर माझ्याच वयाचे. त्यांचा दवाखाना साडेआठला बंद होतो आणि त्यानंतर फोनही. मी त्यांना दोष देत नाही. बँकेचा फोन रात्री साडेबाराला आला असता तर मी उचलला असता का? दुसऱ्या एका डॉक्टरांचा फोन नुसता वाजत राहिला. तिसऱ्यांनी उचलला. झोपेतून उठलेल्या आवाजात त्यांनी चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, "मी घरी येऊ शकतो, पण येऊन काय करू? हिची सोनोग्राफी लागेल. ऑपरेशन लागलं तर ते काही घरी होत नाही. वेळ घालवू नका, रात्री उघडा असतो तिथं न्या." त्यांनी नंबर दिला. पत्ता आमच्या घरापासून ११ किलोमीटरवरचा.

पुण्यात रिक्षावाल्यानं भर दिवसा माणसाला "नाही" म्हणावं यात नवल नाही. मग मध्यरात्री, पावसात, कुत्र्याला कोण "हो" म्हणणार? मोबाइलवरून दोन गाड्या बोलावल्या. "सोबत कुत्रं आहे," असं प्रामाणिकपणे सांगितल्यावर दोन्ही रद्द झाल्या. मी नुसताच येरझाऱ्या घालत होतो. पत्नी मात्र चौथ्या मजल्यावर गेली आणि तिनं ज्यांच्या दाराची बेल दाबली, त्या गृहस्थांनी ठकीच्या भुंकण्याबद्दल सोसायटीकडे दोनदा लेखी तक्रार केली होती. ते बनियनवरच खाली आले, हातात गाडीची किल्ली. मागच्या सीटवर त्यांनी घरातली चांगली सतरंजी अंथरली. "वहिनी, तुम्ही मागं बसा तिला घेऊन." सबंध वाटेत ते एकदाच बोलले, तेही सिग्नलला गाडी थांबली तेव्हा. "लहानपणी आमच्याकडेही होतं एक."

दवाखान्यात ट्यूबलाइटच्या उजेडात पाच-सहा माणसं बसली होती. कुणाच्या मांडीवर टोपली, कुणाच्या खांद्यावर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीहून लहान मुलगी. तिनं ठकीचा ओठ वर करून हिरडीवर बोट दाबलं, सोडलं, पुन्हा रंग कधी भरतो ते पाहिलं. ताप मोजला. मग विचारलं, "काका, ही माजावर कधी आली होती?" मी खिडकीबाहेर पाहू लागलो. पत्नी म्हणाली, "दीड महिना झाला असेल."

सोनोग्राफीला पाच मिनिटं लागली. गर्भाशयात पू झाला होता. या आजाराला पायोमेट्रा म्हणतात. नसबंदी न केलेल्या कुत्रीला, विशेषतः वय वाढल्यावर, माजाचा काळ संपून काही आठवडे गेले की तो होतो. खूप तहान लागणं, खूप लघवी होणं, जेवण टाकणं ही त्याची अगदी नेहमीची लक्षणं. पू बाहेर वाहत असेल तर निदान दिसतो. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर आतल्या आत साठत जातो आणि विष रक्तात भिनतं. ठकीचं तोंड बंद होतं. "आज रात्रीच ऑपरेशन करावं लागेल," डॉक्टर म्हणाली. "सकाळपर्यंत थांबलो तर मी काही सांगू शकत नाही." मग तिनं एका कागदावर हिशेब मांडून दिला. सगळं धरून ३० ते ३८ हजार रुपये. त्यांपैकी १५ हजार आत्ता भरायचे.

आणि मी म्हणालो, "अहो, पण आम्ही तर हिला फक्त ठेवून घेतली होती."

पत्नीनं माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. मी कार्ड काढलं. संमतिपत्रावर सही करायच्या आधी या वेळी मात्र तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. भुलीत जीव जाऊ शकतो असं त्यात लिहिलं होतं.

ठकीला आत नेलं आणि आम्ही बाकावर बसलो. समोर एक विशी-बाविशीचा मुलगा होता. घरपोच जेवण पोचवणारी मुलं घालतात तसला रेनकोट त्यानं अंगावरून काढला होता आणि त्यात एक पिल्लू गुंडाळलं होतं. पिल्लाला रक्ताची हगवण लागली होती. पार्व्हो. लस टोचलेली नव्हती. डॉक्टर त्याच्याजवळ खाली उकिडवी बसून सांगत होती की चार-पाच दिवस वेगळं ठेवावं लागेल, सतत सलाईन लागेल, रोजचे अंदाजे चार हजार होतील. मुलानं विचारलं, "पण नक्की वाचेल का?" ती म्हणाली, "नक्की नाही सांगता येणार, दादा. पण प्रयत्न केला तर बरीच वाचतात." तो बाहेर पावसात जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलून आला. आला आणि म्हणाला, "घेऊन जातो." डॉक्टरनं त्या रात्रीचं सलाईन आणि इंजेक्शन दिलं, घरी काय करायचं ते दोनदा समजावलं आणि नाममात्र पैसे घेतले.

माझ्या खिशात तेच कार्ड होतं. 'राहू दे, मी भरतो' हे शब्द तोंडाशी आले होते. पण ३६ वर्षांची सवय वाईट. मनातल्या साहेबानं लगेच विचारलं : आजचे भरशील, उद्याचे? परवाचे? आणि इतकं करून पिल्लू गेलं तर? या प्रश्नांची उत्तरं जुळवेपर्यंत बाहेर मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

ती रात्र उलटून वर्ष झालं. पण त्या बाकावर मला जे आठवलं, ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही.

सन १९८६. मराठवाड्यातल्या एका खेड्यातली शाखा आणि पंचवीस वर्षांचा मी शेती अधिकारी. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली तेव्हा गरीब कुटुंबांना दुभत्या जनावरांसाठी कर्जं वाटली जात. थोडं अनुदान, बाकी कर्ज, आणि जनावराचा विमा. विमा उतरवला की म्हशीच्या कानात नंबराचा बिल्ला ठोकायचा. जनावर मेलं तर दाव्यासाठी डॉक्टरचा दाखला लागायचा आणि तो बिल्ला. बिल्ला नाही तर दावा नाही. म्हणून लोक कानाचा तुकडाच बिल्ल्यासकट कापून आणत.

एका शेतकऱ्याची म्हैस पावसाळ्यात ओला लसूणघास जास्त खाऊन फुगली. पोटफुगीत वेळ फार थोडा असतो. जाणकार डॉक्टर असला तर डाव्या कुशीत नळी घालून हवा सोडतो आणि जनावर उठून उभं राहतं. सरकारी दवाखाना १४ किलोमीटरवर, मध्ये ओढा, ओढ्याला पाणी. त्यानं गोडेतेल पाजलं, हिंग पाजलं, रात्रभर पोट चोळलं. पहाटे म्हैस गेली. दुपारी ओढ्याचं पाणी उतरलं आणि डॉक्टर आले, ते दाखला द्यायला. दुसऱ्या दिवशी तो शेतकरी माझ्या टेबलापुढे आला आणि धोतराच्या सोग्यातून त्यानं कागदाची पुडी काढून ठेवली. मी पुडी उघडली, बिल्ल्यावरचा नंबर रजिस्टरशी ताडून पाहिला आणि म्हणालो, "नंबर जुळतो. सही करा." तो म्हणाला, "साहेब, लई गुणाची होती." मी म्हणालो, "इथं. या रेघेवर."

माझं काहीच चुकलं नव्हतं. दावा मंजूर झाला, कर्ज फिटलं. तरी त्या माणसाला मी "बसा" म्हणालो नाही, हे ३८ वर्षांनी त्या दवाखान्यात बसल्यावर मला आठवलं. त्याच्यासाठी ती म्हैस म्हणजे घरचं दूध होतं, मुलांच्या वह्या होत्या, आणि शिवाय गुणाची होती. शहरात कुत्री-मांजरं पाळणारे आपण स्वतःला जरा अधिक हळवे समजतो. पण जनावरासाठी रात्र जागून काढणं हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. त्याच्याकडे कमी होतं ते प्रेम नव्हे. रात्री पोचू शकणारा डॉक्टर कमी होता.

पहाटे पाचला डॉक्टर बाहेर आली. तिच्या डोळ्यांवर झोप होती. "काका, झालं. आहे ठकी." मग आत नेऊन तिनं ट्रेमधलं गर्भाशय दाखवलं. १८ किलोच्या कुत्रीच्या पोटातून दीड किलोचं ओझं निघालं होतं. "हिची लहानपणीच नसबंदी केली असती, तर हे झालंच नसतं," ती म्हणाली. रागावली नव्हती, थकली होती. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हेच मला दोनदा सांगितलं होतं. मी दोन्ही वेळा "निसर्गाच्या विरुद्ध कशाला जा?" असं ऐटीत म्हणालो होतो. 'एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, म्हणजे मादीची तब्येत चांगली राहते' हा आपल्याकडचा लाडका समज, पण त्याला आधार नाही. उलट वेळेवर केलेल्या नसबंदीमुळे हा आजार टळतो आणि स्तनांच्या गाठींचा धोकाही कमी होतो. बँकेच्या भाषेत सांगायचं तर लहानसा प्रीमियम मी भरला नाही आणि सबंध दावा अंगावर घेतला. दाव्याची किंमत मी नुसती पैशात दिली. ठकीनं ती पोटावर १४ टाके घेऊन दिली.

त्यानंतर मी सकाळच्या फिरण्यात कुत्री-मांजरंवाल्यांशी बोलू लागलो. पूर्वी आम्ही एकमेकांना फक्त कुत्र्यांच्या नावानं ओळखायचो. बोलायला लागल्यावर कळलं, की प्रत्येकाच्या पोटात अशी एक रात्र आहे. आणि ऐकताना पुनःपुन्हा जाणवलं, की बहुतेक वेळा घात अज्ञानानं केला होता, तोही मायेपोटी.

एका बाईंनी मांजराला ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची पाव गोळी दिली. मांजराच्या शरीराला ते औषध पचवता येत नाही, ते त्याला विषासारखं आहे. मांजर वाचलं नाही. त्या बाई अजून ती गोष्ट पुरी सांगू शकत नाहीत. एका गृहस्थांचा बोका दिवसभर मातीच्या पाटीत जाऊन बसत होता. त्यांना वाटलं बद्धकोष्ठ असेल. खरं तर त्याची लघवी तुंबली होती. नर मांजराची लघवी पूर्ण तुंबली, तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्यांनी नेलं, पण फार उशिरा. एकांच्या मोठ्या जातीच्या कुत्र्याचं पोट जेवणानंतर अचानक फुगलं, तो ओकायचा प्रयत्न करी पण काही पडेना. जठराला पीळ पडला होता. त्यात हिशेब तासांचा असतो. त्यांनी लगेच गाडी काढली, म्हणून आज तो कुत्रा आमच्या ठकीवर गुरगुरायला हजर आहे.

तेव्हा वाचकहो, मी डॉक्टर नाही, पण एका रात्रीत जे शिकलो ते सांगतो. आपल्या जनावराची हिरडी ते धडधाकट असतानाच एकदा पाहून ठेवा. निरोगी हिरडी गुलाबी असते आणि बोट दाबून सोडलं की साधारण दोन सेकंदांत रंग परत येतो. पांढरीफटक, निळसर किंवा विटकरी दिसली तर सकाळची वाट पाहू नका. माणसाचं कुठलंही औषध स्वतःच्या मनानं देऊ नका. चॉकलेट, कांदा-लसूण, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला घातक आहेत. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा! उंदराचं औषध खाल्लं असेल तर पुडी बरोबर न्या, कारण त्या विषांचे प्रकार वेगळे आणि उपचारही वेगळे. साप चावला तर जखम कापू नका, घट्ट बांधू नका, जनावराला चालवू नका, उचलून न्या. उन्हाचा झटका आला तर साधं पाणी अंगावर घाला, वारा घाला आणि निघा. बर्फ नको. दुखण्यानं कळवळणारं जनावर मालकालाही चावतं. दात लागलाच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि स्वतःची लस टोचून घ्या. आणि सगळ्यांत आधी, रात्री कुठला दवाखाना उघडा असतो ते दिवसाउजेडी शोधून ठेवा. एकदा तिथं जाऊन रस्ता पाहून या.

हे झालं आपल्या हातातलं. पण सगळं काही आपल्या हातात नसतं.

मुंबईत १८७४ साली रस्त्यांवर घोड्यांच्या ट्राम धावू लागल्या, आणि त्याच वर्षी शहरात प्राण्यांवरची क्रूरता रोखण्यासाठी संस्था स्थापन झाली. पुढच्या दशकात दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं. ते त्यांच्या पत्नी बाई साकरबाईंच्या नावानं आजही चालतं. शेजारीच १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय आलं. तेव्हाच्या शहराला कळत होतं, की ज्या घोड्या-बैलांच्या पाठीवर आपला व्यवहार चालतो, त्यांच्या दुखण्याची जबाबदारी शहराची आहे. २०२४ साली महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं चोवीस तास चालणारं रुग्णालय सुरू झालं. रतन टाटांना आपल्या कुत्र्याच्या सांध्यावरच्या उपचारासाठी त्याला अमेरिकेत मिनेसोटाला न्यावं लागलं होतं. आपल्याच शहरात अशी सोय का नसावी, हा प्रश्न त्या अनुभवातून आला. रुग्णालय उघडलं आणि काही महिन्यांतच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, टाटा गेले.

खेड्यांसाठी आता १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. त्यावर फोन केला की फिरतं पशुवैद्यकीय पथक शेतकऱ्याच्या दारी येतं. माझ्या १९८६ च्या शेतकऱ्याला असा क्रमांक मिळाला असता तर काय झालं असतं, हा विचार मनात येतोच. पण या योजनेचा मुख्य भर गुराढोरांवर आहे. मध्यम शहरांत आणि तालुक्यांच्या गावी घरातल्या कुत्र्या-मांजरांचं रात्रीचं काय, याचं उत्तर अजून बव्हंशी एकेका डॉक्टरच्या चांगुलपणावर सोडलेलं आहे. एकटा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरनं चोवीस तास जागं राहावं ही अपेक्षा अन्यायाची आहे. पण शहरातल्या दहा-पंधरा डॉक्टरांनी आळीपाळीनं एकेक रात्र वाटून घेतली आणि त्या रात्री कुणाची पाळी ते सर्वांना कळेल अशी व्यवस्था केली, तर त्याला फार मोठा निधी लागणार नाही. महापालिकेनं त्यासाठी एखादी खोली आणि सोनोग्राफीचं यंत्र दिलं तर काम पुष्कळ सोपं होईल. आणि आपण मालकांनीही रात्रीची फी जास्त असते म्हणून कपाळाला आठ्या घालू नयेत. मध्यरात्री प्लंबर आला तर आपण निमूट पैसे देतो. पोटात काय दुखतंय ते सांगता न येणाऱ्या रोग्याचं निदान करणाऱ्या मुलीला मात्र "लुटता काय?" असं विचारतो. त्या रात्री माझ्यासमोर एकानं विचारलं. तिनं मान खाली घालून पावती लिहिली.

आता तो नेहमीचा प्रश्न. मला नातेवाइकांनी विचारला, तुम्हीही विचाराल. "एका कुत्र्यावर एवढा खर्च? माणसं उपाशी मरतात आणि..." मी वाद घालत नाही. एवढंच म्हणतो, की ठकीला पायोमेट्रा झाला नसता तर ते ३५ हजार मी उपाशी माणसांना वाटले असते, असा माझा लौकिक नाही. तुमचाही नसावा. ज्याला जामीन राहिलो त्याचं देणं आधी. आपल्याकडे १९६० चा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. ज्याच्या ताब्यात जनावर आहे, त्यानं त्याच्या भल्यासाठी आणि त्याला विनाकारण वेदना होऊ नयेत म्हणून शक्य ते सगळं करावं, हे कर्तव्य त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात सांगितलं आहे. आपण पिल्लू घरात घेतो तेव्हा या कागदावर सही होते.

मात्र जामिनालाही मर्यादा असते. जामीनदारानं घरदार विकावं असं बँकसुद्धा मनापासून इच्छीत नाही. जनावर म्हातारं आहे, दुखणं बरं होणारं नाही, किंवा पैसा खरोखरच नाही, अशा वेळी "इथं थांबू या" असं म्हणणाऱ्याला कुणी पापी ठरवू नये. वेदना कमी करून घरी नेणं किंवा डॉक्टरच्या हातून शांतपणे निरोप देणं हीसुद्धा जबाबदारी पार पाडण्याचीच रीत आहे. रेनकोटात पिल्लू घेऊन आलेला तो मुलगा दिवसभराच्या कामानंतर, मध्यरात्री, भर पावसात तिथवर आला होता. त्यानं त्याचा जामीन निभावला. नोटीस आल्यावर गाव सोडून पळणारे वेगळे. आजारी कुत्रं रात्री दवाखान्याच्या फाटकाला बांधून जातात ते.

ठकी दहा दिवसांत हिंडूफिरू लागली. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांची सतरंजी पत्नीनं धुऊन परत केली. ठकी अजूनही त्यांच्यावर भुंकते. त्यांनी अजून तिसरी तक्रार केलेली नाही.

टाके काढायला गेलो तेव्हा त्या मुलाबद्दल विचारलं. तो पुन्हा आला नव्हता. नोंदवहीत त्याचा नंबर होता, पण डॉक्टरनं तो दिला नाही, आणि न देणंच बरोबर होतं. मी तिला विचारलं, अशा रात्री कुणाला थोडे पैसे कमी पडले तर तुम्ही काय करता? ती म्हणाली, "आमच्या पगारातून घालतो कधी कधी. रोज नाही जमत." तेव्हापासून दर महिन्याच्या पेन्शनमधून थोडी रक्कम तिथल्या काउंटरवर जाते. त्यात मोठेपणा काही नाही. त्या बाकावरचं जुनं देणं आहे, ते हप्त्यानं फेडतोय. ठकीसाठीही एक आवर्ती ठेव उघडली आहे, महिना हजार रुपयांची. फॉर्म भरताना काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "सर, ठेव कशासाठी?" मी म्हणालो, "एका ठिकाणी जामीन आहे."

फ्रिजवर एक कागद चिकटवला आहे. त्यावर रात्रीच्या दवाखान्याचा नंबर, दोन डॉक्टरांचे नंबर आणि चौथ्या मजल्याचा नंबर. रोज सकाळी ठकीच्या पाण्याचं भांडं मी भरतो. दिवसातून किती वेळा भरलं, तेही आता मोजतो.